उष्ण कटिबंधात विजेचा उद्योग: ऊन, वारा, पाणी की सांडपाणी?

उष्ण कटिबंधात अक्षय ऊर्जेचा प्रकल्प काढायला निघालेला माणूस बहुतेक वेळा आकाशाकडे बोट दाखवून सुरुवात करतो. ऊन वर्षभर आहे, विजेची टंचाई पाचवीला पुजलेली आहे, मग अडतंय कुठे? अडतं ते हिशेबाच्या दुसऱ्या रकान्यात. जर्मनीत एका चौरस मीटरवर वर्षाला साधारण १,००० ते १,२०० युनिट सौरऊर्जा पडते. विषुववृत्ताजवळच्या दमट प्रदेशात हा आकडा १,६०० ते १,९०० असतो आणि कोरड्या उष्ण प्रदेशात २,००० च्या वर जातो. म्हणजे ऊन दीडपट ते दुप्पट. पण सौर किंवा पवन प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच होतो. इंधन फुकट, त्यामुळे पुढची पंचवीस वर्षं फेडायचं असतं ते मुख्यतः कर्ज. हे कर्ज ४ टक्क्यांनी मिळालं तर दर शंभरामागे वर्षाचा हप्ता ६.४ येतो, १२ टक्क्यांनी मिळालं तर १२.७५. हप्ता दुप्पट झाला की उन्हाची सगळी कमाई व्याजात जाते.

म्हणून इथे मी प्रत्येक पर्याय एकाच बाजूने तपासणार आहे: कर्ज देणाऱ्याला घाबरवण्यासारखं त्यात काय आहे? जो प्रकल्प वर्षाकाठी किती वीज देईल हे आधी छातीठोकपणे सांगता येतं, त्याला व्याज कमी लागतं. या कटिबंधात स्वस्त यंत्रापेक्षा अंदाज न चुकवणारं यंत्र जास्त कमावतं, असं माझं मत आहे.

ऊन: उकाडा परवडतो, ओल परवडत नाही

पॅनलवर छापलेली क्षमता २५ अंश सेल्सिअसची असते, आणि ते तापमान हवेचं नसून पॅनलमधल्या वीज करणाऱ्या चकतीचं, म्हणजे सेलचं असतं. भर दुपारी सेल ६०-६५ अंशांवर पोचतो. सिलिकॉनचं पॅनल दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के क्षमता गमावतं, म्हणजे ऐन दुपारी १० ते १६ टक्के वीज तापमानातच विरते. हेटरोजंक्शन आणि कॅडमियम टेल्युराइड प्रकारच्या पॅनलमध्ये ही घट कमी असते. पॅनलच्या पाठीमागून वारा खेळता ठेवला तरी फरक पडतो. पत्र्याला चिकटवून बसवलेलं पॅनल मोकळ्या सांगाड्यावरच्या पॅनलपेक्षा नेहमीच जास्त तापतं. तरीही उकाड्याचं नुकसान मला फारसं धोक्याचं वाटत नाही, कारण ते आधी मोजता येतं.

ओलीचं तसं नाही. दमट हवेत बाष्प पॅनलच्या कडांमधून आत शिरतं, जोड गंजतात, उच्च विद्युतदाबाखाली गळती विद्युतप्रवाह सुरू होतो आणि पॅनल झपाट्याने म्हातारं होतं. समुद्राजवळ त्यात मीठ मिसळतं. प्रमाणपत्रासाठीची दमटपणाची चाचणी ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास चालते. हे झाले जेमतेम ४२ दिवस, आणि उत्पादक हमी देतो पंचवीस वर्षांची! दमट किनाऱ्यावर पैसे घालणाऱ्याने हीच चाचणी दुप्पट-तिप्पट काळ केल्याचा अहवाल मागावा, दोन्ही बाजूंना काच असलेली पॅनल घ्यावीत आणि मीठ-धुक्याची चाचणी झाली आहे का ते पाहावं. कोरड्या प्रदेशात शत्रू बदलतो. तिथे धूळ बसते, आणि ती धुवायला लागणारं पाणीच तिथे नसतं.

बसवण्याच्या कोनातही एक गंमत आहे. विषुववृत्तावर सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने पॅनल आडवं ठेवावं, असं भूमिती सांगते. पण आडव्या पॅनलवर पाणी साचतं आणि कडेला शेवाळ धरतं. म्हणून उत्पन्नाची किंचित झळ सोसूनही दहा अंशांचा उतार देतात, म्हणजे पाऊस फुकटात पॅनल धुतो.

आरशांनी ऊन एकवटून वाफ करणाऱ्या प्रकल्पांची जाहिरात ऐकून दमट प्रदेशात कोणी जाणार असेल, तर त्याला हाताला धरून थांबवावं. आरशाला थेट किरण लागतात. ढग आणि बाष्प ऊन विखुरतात. विखुरलेल्या उजेडावर पॅनल चालतं, आरसा चालत नाही. चिलीच्या अटाकामा वाळवंटात, मकरवृत्ताच्या किंचित उत्तरेला, ११० मेगावॉटचं सेरो डॉमिनाडोर केंद्र २०२१ मध्ये सुरू झालं, ते तिथली हवा कोरडी म्हणूनच.

आता रात्रीचा प्रश्न. उष्ण कटिबंधाला मिळालेलं मोठं वरदान उन्हाच्या प्रखरतेपेक्षा त्याच्या समान वाटपात आहे. विषुववृत्तावर बाराही महिने दिवस साधारण बारा तासांचा. थंड देशांना उन्हाळ्यातली वीज हिवाळ्यासाठी साठवण्याची विवंचना असते. इथे दुपारची वीज फक्त रात्रीपर्यंत न्यायची असते. हे काम बॅटरीच्या आवाक्यातलं आहे. मात्र बॅटरीलाही उकाडा सोसत नाही. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना निम्मं होतं. लिथियमची बॅटरी जास्त सोशिक असली, तरी ती ठेवायची खोली थंड राखावीच लागते, आणि त्या थंडाव्याची वीज हिशेबात धरायचं बरेच जण विसरतात. ग्राहक शीतगृह किंवा मासळीचं केंद्र असेल तर बॅटरीपेक्षा बर्फ करून ठेवणं सोपं. दुपारी बर्फ गोठवायचा, रात्री यंत्र बंद.

वारा: नकाशा बघूनच हात घाला

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना काही अंशांपर्यंत वारा मुळातच मंद असतो. शिडाच्या जहाजांचे खलाशी या पट्ट्याला घाबरत. वाऱ्याच्या ताकदीचा हिशेब घनात चालतो. सेकंदाला ५ मीटरचा वारा ७ मीटर झाला की ताकद २.७ पट होते, आणि उलट्या दिशेने तितकीच आटते. त्यामुळे शांत पट्ट्यात सपाट जमिनीवर पवनचक्की उभी करणं म्हणजे बहुतेक ठिकाणी शोभेचं झाड लावणं. त्यापलीकडे व्यापारी वाऱ्यांचा पट्टा लागतो, आणि तिथे चित्र पालटतं. ब्राझीलच्या ईशान्येला हे वारे इतके एका दिशेने व एका चालीने वाहतात, की तिथले पवन प्रकल्प जगातल्या सर्वाधिक उत्पादक प्रकल्पांत गणले जातात. शिवाय तिथे वारा कोरड्या महिन्यांत जोर धरतो, नेमका धरणं खाली जातात तेव्हा.

अपवादही आहेत. केनियातलं तुर्काना सरोवर विषुववृत्तापासून जेमतेम अडीच-तीन अंशांवर, पण डोंगररांगांमधून तिथे वारा असा दाबून निघतो की सरासरी सेकंदाला ११ मीटरच्या आसपास जाते. तिथे ३६५ पवनचक्क्या, ३१० मेगावॉट. यंत्रं पोचवायला आधी सुमारे २०० किलोमीटर रस्ता सुधारावा लागला. २०१७ मध्ये पवनचक्क्या तयार झाल्या, पण वीज वाहून नेणारी चारशेहून अधिक किलोमीटरची वाहिनी सप्टेंबर २०१८ पर्यंत झाली नाही. न वाहिलेल्या विजेची भरपाई करारानुसार शेवटी सरकारी तिजोरीतून करावी लागली. उद्योजकाने यातून घ्यायचं ते हे: तारेची जबाबदारी दुसऱ्याची असेल, तर तारेच्या उशिराची भरपाई करारात आधीच लिहून घ्या. तुर्कानाच्या गुंतवणूकदारांना त्याच कलमाने तारलं.

दुसरी भीती चक्रीवादळाची. विषुववृत्तापासून साधारण पाच अंशांच्या आत चक्रीवादळं जवळजवळ तयारच होत नाहीत, कारण पृथ्वीच्या फिरण्याने मिळणारा पीळ तिथे नगण्य असतो. म्हणजे जिथे वादळ नाही तिथे बहुधा वाराही नाही, आणि जिथे वारा आहे तिथे पुष्कळदा वादळाचा धाक. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळ कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिकोच्या आग्नेय किनाऱ्यावर चढलं. वाटेत आलेल्या नागुआबोच्या पवनचक्क्यांची पाती मोडली, उमाकाओचा सौर प्रकल्प बराचसा उद्ध्वस्त झाला. पण त्याच बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सांता इसाबेलच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पॅनल उडण्याचं कारण पुष्कळदा अगदी क्षुल्लक असतं. दोन पॅनल एकाच क्लॅम्पने धरलेली असली, की एक उडताना शेजारचं मोकळं करतं आणि रांगच्या रांग पत्त्यांसारखी जाते. बोल्टने थेट आवळलेली पॅनल जास्त टिकतात. पवनचक्कीसाठी चक्रीवादळाचा वेगळा आंतरराष्ट्रीय वर्ग आहे, तो सेकंदाला ५७ मीटरपर्यंतचा वारा धरून आखलेला. विमा कंपनी तोच विचारणार, तेव्हा यंत्र ठरवण्याआधी तिच्याशी बोलून घ्यावं.

पाणी: सगळ्यात जुना, सगळ्यात बेभरवशाचा

मोठ्या धरणाला हात घालणारा वाचक हे वाचत नसेल, तरी दोन आकडे सांगतो. ब्राझीलमधल्या बालबिना धरणाने जंगलाची सुमारे २,३६० चौरस किलोमीटर जमीन बुडवली आणि क्षमता मिळवली २५० मेगावॉटची. सपाट प्रदेश आणि उथळ पाणी, मग दुसरं काय होणार? बुडालेली झाडं उबदार, प्राणवायू नसलेल्या पाण्यात कुजली आणि मिथेन सोडत राहिली, इतका की एका युनिटमागचं प्रदूषण कोळशाच्या केंद्रापेक्षा जास्त भरलं. तेवढ्याच जागेत आज सौर पॅनल मांडली तर एक लाख मेगावॉटहून जास्त क्षमता बसेल. त्याच देशातलं बेलो मोन्ते ११,२३३ मेगावॉटचं, पण नदीला कोरड्या महिन्यांत पाणीच नसल्याने वर्षाची सरासरी साडेचार हजारांच्या आसपासच अपेक्षित होती.

आणि दुष्काळ. झांबियाची चार-पंचमांशाहून अधिक वीज पाण्यावर चालायची. २०२४ च्या एल निनो दुष्काळात करिबा धरणाचं पाणी उतरलं आणि देश दिवसातले बहुतेक तास अंधारात बसला. गेल्या तीस वर्षांच्या पावसाची सरासरी दाखवून इथे कर्ज मिळत असेल, तर ते देणाऱ्याने सर्वात वाईट तीन वर्षं बघितलेली नाहीत.

लहान प्रवाही जलविद्युतचं, म्हणजे पाणी न साठवता वाहत्या ओढ्यावर काढलेल्या विजेचं, गणित वेगळं आहे. डोंगरी भाग, वर्षभर वाहणारा ओढा आणि जवळच ग्राहक असे तीन योग जुळले, तर रात्रीही चालणारा इतका साधा स्रोत दुसरा नाही. गाळ मात्र टर्बाइन खातो. अस्तित्वात असलेल्या धरणावर तरंगती पॅनल टाकणं हा मला आज पाण्याचा सर्वात शहाणा वापर वाटतो. इंडोनेशियातल्या चिराता जलाशयावर नोव्हेंबर २०२३ मध्ये १९२ मेगावॉटचा असा प्रकल्प सुरू झाला. जमीन लागली नाही, आणि दिवसा ऊन वापरून धरणातलं पाणी संध्याकाळसाठी राखता येतं.

सांडपाणी आणि चिपाड: कोणी न बघितलेली बाजू

उष्ण कटिबंधाचा खरा हक्काचा फायदा मला बायोगॅसमध्ये दिसतो, आणि त्याची चर्चा सर्वात कमी होते. मिथेन करणारे जिवाणू ३५ अंशांच्या आसपास खुशीत असतात. थंड देशांत टाकी उबदार ठेवायला गॅसचा काही वाटा जाळावा लागतो. इथे हवा ते काम फुकट करते. त्यामुळे महागडी टाकी न बांधता सांडपाण्याच्या तळ्यावर जाड पडदा ओढूनही गॅस धरता येतो. पाम तेलाच्या गिरणीत एक टन तेलामागे अडीच-तीन टन सांडपाणी निघतं, आणि ते उघड्यावर सोडलं तर मिथेन हवेत जातो. थायलंडमधल्या टॅपिओका स्टार्चच्या कारखान्यांनी असाच गॅस बॉयलरला जोडला आणि फर्नेस ऑइलचा खर्च वाचवला. वीज विकण्याच्या फंदात न पडता आपलंच इंधन वाचवलं, की वीजखरेदी करार, ग्रिड, उधारी हे सगळे धोके एकदम गळून पडतात. जिवाचा घोर लावतो तो हायड्रोजन सल्फाइड. तो काढून न टाकता गॅस इंजिनात सोडला, तर इंजिन वेळेआधी भंगारात जातं.

उसाच्या चिपाडावरची सहवीजनिर्मितीही (एकाच बॉयलरमधून कारखान्याला वाफ आणि वीज) जमते, पण हंगामापुरती. मॉरिशसमध्ये उसाचा हंगाम संपला की अशीच केंद्रं कोळशावर चालत आली आहेत. मुद्दाम इंधनपीक लावण्याच्या वाटेला मात्र जाऊ नये. २००० च्या दशकात जट्रोफाची लाट आली होती. पडीक जमिनीत झाड जगलं, पण बिया नफा होण्याइतक्या लागल्या नाहीत. दुसऱ्या उद्योगाच्या कचऱ्यावर उभा राहिलेला प्रकल्प टिकतो, कारण कच्चा माल गोळा करण्याचा खर्च त्या उद्योगाने आधीच सोसलेला असतो.

भूगर्भीय उष्णतेबद्दल थोडक्यात: ऊन, वारा, पाऊस कशाशीच देणंघेणं नसलेला हा स्रोत केनियाच्या विजेचा ४० टक्क्यांहून मोठा वाटा उचलतो. पण विहीर कोरडी निघण्याचा जुगार खासगी उद्योजकाने एकट्याने खेळू नये. समुद्राच्या वरच्या व खोल पाण्यातल्या तापमानाच्या फरकावर वीज काढण्याची कल्पना सुंदर आहे, पण वीस-एकवीस अंशांच्या फरकावर सिद्धान्ताप्रमाणेच कार्यक्षमता ७ टक्क्यांच्या आसपास थांबते. हवाईतलं २०१५ चं केंद्र १०५ किलोवॉटचं आहे. उद्योग म्हणून सध्या विसरा.

तर निवड कशी करावी? डिझेलवर चालणारं बेट असेल तर सौर आणि बॅटरी, पॅनल बोल्टने आवळलेली. डिझेल इतकं महाग पडतं की व्याज जास्त असलं तरी हिशेब जुळतो. प्रक्रिया कारखाना असेल तर आधी सांडपाणी, मग छतावरची पॅनल. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात मोठी जमीन आणि जवळ सबस्टेशन असेल तर पवन आणि सौर एकाच वाहिनीवर. हातात नुसती जमीन आणि उत्साह असेल, तर पहिलं वर्ष मोजमापाला द्या. उन्हाचा आणि वाऱ्याचा मापक लावा, आणि त्यासोबत एक साधी वही ठेवा, ज्यात ग्रिड रोज किती वेळ बंद होती ते लिहिलेलं असेल. ग्रिड गेली की तिला जोडलेला साधा इन्व्हर्टरही (पॅनलची वीज ग्रिडला चालेल अशी करणारं यंत्र) स्वतःहून बंद होतो, आणि डोक्यावर कडक ऊन असताना तुमची विक्री शून्य असते. त्या तासांचे पैसे कोणी द्यायचे, हे करारात नसेल तर वहीतला आकडा घेऊन आधी ते कलम मागा.