आईला स्मृतिभ्रंश: घरी बाई, डे-केअर की निवासी केंद्र?

घरात चर्चा होते ती 'आईसाठी काय बरं' याची. तिचं सगळं करणाऱ्या लेकीचं, सुनेचं किंवा थकलेल्या नवऱ्याचं काय, हे मी आधी बघते. ते माणूस अंथरुणाला खिळलं तर तिन्ही पर्याय कोलमडतात.

ब्यूरोकडून बाई ठेवायची आणि बारा तासांचाच खर्च झेपणार असेल, तर रात्रीची ठेवा. दिवसा शेजारीपाजारी असतात, कुणी ना कुणी येऊन जातं. रात्री अडीचला 'मला घरी जायचंय' म्हणत आई स्वतःच्याच घराची कडी काढू लागते, तेव्हा उठणारं माणूस एकच असतं आणि सकाळी त्यालाच कामावर जायचं असतं. अडचण एवढीच की बाया टिकत नाहीत. आंघोळीला ओढायचं नाही, आधी हातावर कोमट पाणी घालायचं, हे प्रत्येक नव्या बाईला पहिल्यापासून सांगावं लागतं.

आई चालती-फिरती असेल तर डे-केअर उत्तम. तुम्हाला दिवसाचे काही तास मोकळे मिळतात, तिलाही चार माणसं भेटतात. पण रात्रीची जागरणं सुटत नाहीत, केंद्र लांब असेल तर मिळालेला वेळ ने-आण करण्यातच जातो. तालुक्याच्या गावी तर असं केंद्र क्वचितच.

निवासी केंद्राला लोक फार उशिरा तयार होतात. ती वारंवार पडते, अंगावर धावून येते किंवा तुमचंच ऑपरेशन ठरलंय, अशा वेळी 'लोक काय म्हणतील' हे बाजूला ठेवा. अंगमेहनत सुटते, अपराधीपणा मात्र सोबत येतो, त्याची तयारी ठेवा. रात्रपाळीला किती माणसं असतात, पेशंटला बांधून ठेवतात का आणि न कळवता भेटायला येता येतं का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

यांतलं काहीही निवडलं तरी एक गोष्ट जोडीला हवीच. गोव्यात 81 कुटुंबांवर झालेला एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन आजार समजावत, विचित्र वागणं कसं हाताळायचं ते सांगत, ऐकून घेत. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं, त्या वागण्याचा त्रासही कमी झाला. डॉक्टरांना आधारगटाबद्दल विचारा आणि सांभाळणाऱ्या माणसावरचा ताण मोजणारी 22 प्रश्नांची झारिट प्रश्नावली मागून घ्या. ती आज भरा, नवी व्यवस्था लागल्यावर दोन महिन्यांनी पुन्हा भरा. गुण वाढलेले दिसले तर व्यवस्था बदला.