मत द्यायला फोटो आयडी सक्तीचं की नुसतं नाव सांगून?

इंग्लंडात लेस्टर शहरात राहणारा मावसभाऊ विचारत होता, कॉमनवेल्थ देशाचा नागरिक म्हणून त्याला भारतीय पासपोर्टवरही तिथे मत आहे, मग फोटोची सक्ती बरी की जुनी पद्धत, नाव-पत्ता सांगा नि मतपत्रिका घ्या?

खर्च म्हणशील तर जुन्यात शून्य. सक्तीत आयडी नसेल त्याला सरकार मतदानासाठी फोटोवालं सर्टिफिकेट फुकट देतं, पण अर्ज आपण करायचा, तोही मुदतीत.

बोगस मतदान? फोटोने अवघड होतं हे खरंय, पण ब्रिटनमध्ये बूथवर तसल्या केसेस मुळातच मोजक्या, उलट मे २०२३ मध्ये इंग्लंडात सक्ती आली तेव्हा साधारण १४,००० लोक आयडी नाही म्हणून परत गेले ते पुन्हा फिरकलेच नाहीत. त्यात म्हाताऱ्यांचा बसपास चालतो, पोरांचं रेलकार्ड नाही, हे काय लॉजिक!

आपल्याकडे व्होटर कार्ड हरवलं तर आधार, पॅन, फोटोवालं पासबुक, बरंच काही चालतं, वर बोटाला शाई, म्हणून सक्ती टोचत नाही.

तर जिथे शेजारी कोण राहतो तेच माहीत नाही अशा शहरात सक्ती ठीक, पण यादी लांब हवी. बूथवरचा पक्षाचा एजंट मतदाराला बापाच्या नावासकट ओळखतो अशा गावात जुनंच पुरे. पण भाऊराया, तू लेस्टरात मात्र पासपोर्ट खिशात टाकूनच जा बाबा.