ग्लोब लाइफ फील्ड, आर्लिंग्टन: अख्खा हंगाम काढल्यानंतरचा अनुभव

टेक्सास रेंजर्स या बेसबॉल संघाच्या घरच्या मैदानावरच्या, म्हणजे ग्लोब लाइफ फील्डवरच्या, सामन्यांचं अर्ध्या हंगामाचं पॅकेज आम्ही या वर्षी घेतलं. एप्रिल ते सप्टेंबर भरपूर वापरलं. आम्ही टेक्सासमधल्या आर्लिंग्टनमध्येच राहतो, त्यामुळे तिकिटाचे पैसे तर दिलेच, शिवाय या मैदानासाठी लावलेला करही गावातल्या खरेदीवर भरतो. तेव्हा प्रेक्षक म्हणून काय वाटलं आणि पैसे भरणारी म्हणून काय वाटलं, दोन्ही लिहिते.

आधी सरकत्या छपराबद्दल, कारण सगळा खर्च त्याच्यापायी झाला. बेसबॉलचा हंगाम मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत चालतो, घरच्या मैदानावर ८१ सामने, म्हणजे ऐन उन्हाळा सापडतो. इथे जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३८ अंशांपुढे जाणं रोजचंच. मी नागपूरची, उन्हाचं मला कोणी सांगायला नको. पण रस्ता ओलांडून पलीकडे असलेल्या रेंजर्सच्या जुन्या, उघड्या मैदानात ऑगस्टमध्ये तीन तास बसणं मलाही जड जायचं. ते मैदान जमिनीत खोलगट बांधलेलं, समोर मैदानाच्या मधल्या टोकामागे ऑफिसांची चार मजली इमारत, वाऱ्याला यायला वाटच नाही. म्हणून उन्हाळ्यात रविवारचे सामनेसुद्धा संध्याकाळी ठेवायचे. घरी पोचायला रात्रीचे अकरा, सोमवारी सकाळी ऑफिस.

आता रविवारी दुपारी १:३५ ला सामना सुरू होतो आणि पाचपर्यंत माणूस घरी येतो. लहान मुलं असलेल्या घरासाठी एवढ्या एका गोष्टीने सगळं बदललं. जुलैमध्ये आई नागपूरहून आली होती. बाहेर पार्किंगमध्ये डांबर तापलेलं, चपलेच्या तळव्यातून चटका जाणवतोय, आणि दारातून आत पाऊल टाकलं की पंधरा मिनिटांत आईने पर्समधून शाल काढली. खेळ तिला फारसा कळला नाही, पण नऊच्या नऊ इनिंग्ज बसली. जुन्या मैदानात तिला घेऊन जाण्याचा मी विचारही केला नसता. वसंतातल्या वादळी पावसात सामना तासन्‌तास खोळंबायचा, तेही संपलं. तिकीट काढलं की सामना होणार.

छप्पर साडेपाच एकरांचं आहे आणि उघडायला किंवा मिटायला साधारण बारा मिनिटं लागतात. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी आम्ही लवकर पोचलो तेव्हा ते सरकताना पाहिलं. वेग इतका कमी की छपराकडे पाहून काही कळतच नाही. मैदानावरची उन्हाची कड पुढे पुढे सरकत जाते, तीवरून कळतं. त्यात ईटीएफई नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचे भाग बसवलेत, त्यामुळे मिटलेलं असतानाही दिवसाचा उजेड आत येतो. कोंडल्यासारखं वाटत नाही.

माझी तक्रार अशी की छप्पर उघडं मिळतं फारच कमी. उन्हाळा सोडून देऊ, पण एप्रिल आणि सप्टेंबरच्या कितीतरी छान संध्याकाळी ते मिटलेलंच होतं. सरकतं छप्पर म्हणून जास्तीचा पैसा ओतायचा आणि मैदान बंदिस्त सभागृहासारखं वापरायचं, हे मला पटत नाही. बंद छपराखाली आवाजही घुमतो. मुलासाठी कानावर लावायचे मफ नेऊ लागलो; तान्हं मूल असेल तर जरूर न्या.

हिरवळ कृत्रिम आहे. जुन्या मैदानात खरं गवत होतं. ह्यूस्टनचं मैदान २००० साली सुरू झालं, तिथेही सरकतं छप्पर आहे, तरी खाली खरं गवत आहे, म्हणजे दोन्ही एकत्र जमू शकतं. आणि जुन्या मैदानात उन्हाळ्याच्या गरम हवेत चेंडू लांब जायचा, होम रनची, म्हणजे सीमेपार जाणाऱ्या फटक्यांची, लयलूट असायची. इथे गोलंदाजाचं, म्हणजे पिचरचं, राज्य जास्त. मला कमी धावांचा, चुरशीचा सामना आवडतो, म्हणून हा बदल मला रुचला. ज्यांना फटकेबाजी हवी त्यांचा हिरमोड होईल.

बाहेरून इमारत मला अजिबात आवडत नाही. जुन्याला लाल विटांच्या कमानी होत्या, लांबूनही नजर ठरायची. हे पत्र्याचं मोठं गोदाम वाटतं. आत मात्र आकड्यांत जीव ओतलाय: मैदानाच्या डाव्या टोकाची भिंत ३२९ फुटांवर, रेंजर्सचा जुना खेळाडू एड्रियन बेल्ट्रे याच्या जर्सीवरच्या २९ नंबरसाठी, मधली ४०७ फुटांवर, तसाच जुना खेळाडू इव्हान रॉड्रिगेझच्या ७ नंबरसाठी. मुलाला हे सांगितल्यापासून तो प्रत्येक आकड्याचा अर्थ शोधत असतो.

आता पैशांबद्दल. जुनं मैदान १९९४ साली उघडलं, तेही अर्धा टक्का विक्रीकर लावूनच. गावाने ते कर्ज मुदतीच्या बऱ्याच आधी फेडलं. २०१९ च्या सप्टेंबरात तिथे रेंजर्सचा शेवटचा सामना झाला, म्हणजे मैदान अवघे २६ हंगाम चाललं. बॉस्टनचं फेनवे पार्क हे बेसबॉल मैदान १९१२ चं आहे आणि आजही भरतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदान झालं आणि सुमारे ६० टक्के लोकांनी नव्या मैदानाला होकार दिला. गावाचा वाटा ५० कोटी डॉलरपर्यंत: अर्धा टक्का विक्रीकर, २ टक्के हॉटेल कर आणि ५ टक्के भाड्याच्या गाड्यांवरचा कर, अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमसाठी आधीच लावलेले हे कर पुढे चालू ठेवून. एकूण खर्च १२० कोटींच्या आसपास गेला, वरचा भार संघाने उचलला. पण त्याच मतपत्रिकेत तिकिटावर १० टक्क्यांपर्यंत आणि पार्किंगवर ३ डॉलरपर्यंत कर लावायची मुभाही होती, आणि तो पैसा संघाच्या वाट्यात धरायचा होता. म्हणजे संघाचा म्हणून जो वाटा, त्यातही प्रेक्षकाचा खिसा आलाच.

जुनं मैदान म्हातारं झालं म्हणून नवं लागलं, असं कोणी सांगितलं की मला राग येतो. ते आजही उभं आहे, चोक्टॉ स्टेडियम या नावाने तिथे अमेरिकन फुटबॉल आणि सॉकरचे सामने झाले आहेत. गैरसोय उन्हाची होती, इमारतीची नव्हे.

शेजारच्या ग्रँड प्रेअरी गावाचं उदाहरण बघा. तिथे २००८ साली बांधलेलं छोटं बेसबॉल मैदान रिकामं पडलं. ते पाडण्याऐवजी त्याचं क्रिकेट मैदान केलं, २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेट ही अमेरिकेतली टी-ट्वेंटी स्पर्धा तिथे सुरू झाली. ६ जून २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेने पाकिस्तानला हरवलं ते याच मैदानात, आणि सुपर ओव्हर टाकली आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने. त्या दिवशी आमच्या मराठी मंडळींच्या फोनवर जो जल्लोष चालला होता, तो १२० कोटींच्या छपराखालचा नव्हता.

सामन्याला जायचं कसं, हा प्रश्न यापेक्षा मोठा. डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मधोमध, जवळपास चार लाख वस्तीचं आमचं गाव, आणि ठरलेल्या मार्गावरची बससेवा नाही की रेल्वे नाही. मागवली की येणारी छोटी गाडी तेवढी आहे. चाळीस हजार प्रेक्षकांना तिचा काय उपयोग? सगळे गाड्या घेऊन येतात, पार्किंगचे पैसे मोजतात आणि सामना संपला की रांगेत अडकतात. ह्यूस्टनला माझी नणंद राहते, ती लाइट रेलने मैदानाजवळ उतरून चालत जाते. मतदान झालं तेव्हा या करारात बससेवेची अट घालायला हवी होती. संघाला गाव सोडून जायची भीती दाखवता येत होती, तर गावाच्या हातातही ५० कोटी होते. ते हातात असताना काही मागून घेतलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. २०२३ साली रेंजर्सनी पहिल्यांदा वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलचं सर्वोच्च विजेतेपद, जिंकली, मी रडले होते, पण त्या आनंदाने हा हिशेब पुसला जात नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. वरच्या मजल्यावरची जागा घ्यायला कचरू नका, पहिल्या बेसच्या बाजूने वरून खेळ छान उलगडतो, आणि मंगळवार-बुधवारचं तिकीट स्वस्त असतं. आम्हाला घरचं खाणं पारदर्शक पिशवीतून आत नेऊ दिलं. थालीपीठ आणि सीलबंद पाण्याची बाटली असली की आतल्या दुकानांची गरज पडत नाही. शाकाहारी लोकांनी हे कराच. आई-बाबा भारतातून आले असतील तर दुपारचा सामना निवडा आणि त्यांच्यासाठी स्वेटर घ्या.

पुढच्या वर्षी पॅकेज पुन्हा घेणार आहोत, मुलगा आणि आई दोघांचा आग्रह आहे. बससेवेचा मुद्दा पालिकेच्या सभेत मांडायलाही मी आणि दोन शेजारणी जाणार आहोत. आर्लिंग्टनमधले आणखी कोणी येणार असतील तर सोबत चला.