डॅपोलचं १५ टनी डिझेल क्रेन किट: स्वस्त, पण सोशिक हातांसाठी

डॅपोल या ब्रिटिश कंपनीचं हे रेल्वे क्रेनच्या प्लास्टिक मॉडेलचं किट. साचे मूळ एअरफिक्स या दुसऱ्या ब्रिटिश मॉडेल कंपनीचे, जुने. त्यामुळे सुट्या भागांच्या कडांना प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात. ते आधी खरवडून काढा. प्रमाण १:७६, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयातलं १:८७ डोळ्यांत बसलं असेल, तर शेजारी ही क्रेन थोराड दिसेल.

खरी कसोटी बूमची, म्हणजे क्रेनच्या लांब हाताची. जाळीदार बाजू काचेवर सपाट ठेवून काटकोनात चिकटवा आणि रात्रभर हलवू नका, नाहीतर बूम पिळतो. फिरत्या खुंटीला पातळ सॉल्व्हंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद) लावू नका. एक थेंब आत झिरपला की क्रेन कायमची जाम! हुकाचा दोरा मेणातून ओढा, तूस बसतं. केबिनच्या मागच्या भागात शिशाचे तुकडे भरा, म्हणजे तोल सावरतो. किटमधली प्लास्टिकची चाकं बदलून धातूची घाला, पण ॲक्सलची लांबी मोजूनच मागवा.

किट बाहेरून मागवाल तेव्हा सीमाशुल्क धरा. गोंद मात्र इथेच घ्या, ज्वलनशील माल विमानटपालाने येत नाही. दोरा लक्ष्मी रोडवर कुठेही मिळेल.

घसरलेले डबे उचलणाऱ्या भारतीय रेल्वेच्या १४० टनी अपघात क्रेनची सर हिला नाही. ही यार्डातली हलकी क्रेन आहे.