अर्थस्कोपची भूकंपनोंद सेवा: अणुस्फोट ओळखायला कितपत कामाची?

अमेरिकेतल्या अर्थस्कोपचं (पूर्वीचं आयरिस) भूकंपनोंदींचं भांडार फुकट आहे आणि पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या ऑब्सपाय या भूकंपनोंदी हाताळणाऱ्या लायब्ररीमधून चार-सहा ओळींत नोंद हाती येते. कस लावायला उत्तर कोरियाचा ३ सप्टेंबर २०१७ चा पुंग्ये-री इथला अणुचाचणी स्फोट घ्या. स्टेशन चीनमधलं मुदानजियांग, सुमारे ३७० किलोमीटरवर. मागणीत टाकायचे कोड: नेटवर्क आयसी, स्टेशन एमडीजे, लोकेशन ००, चॅनल बीएचझेड (जमिनीची वर-खाली हालचाल).

वेळ यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळेत) द्यायची. स्फोट ०३:३०:०१ चा. आपल्याकडे सकाळचे नऊ, प्योंगयांगच्या तेव्हाच्या घड्याळात दुपारचे बारा. (भूकंप असे ठोक्याला होत नाहीत.) भारतीय वेळ टाकली तर भलत्याच वेळेची सपाट रेघ येते आणि बोल सर्व्हरला लागतो. ०३:२५ ते ०३:४५ एवढा तुकडा मागवा. अगदी ०३:३० पासून मागवला तर कडा निमुळत्या करताना (तुकड्याची टोकं हळूहळू शून्यावर आणताना) पी तरंगाची, म्हणजे सर्वांत आधी पोचणाऱ्या दाबाच्या लाटेची, सुरुवातच दबू शकते.

पी साधारण ५० सेकंदांनी पोचतो. पहिली हालचाल वर की खाली हे बघताना ‘झीरोफेज’ फिल्टर (नोंद पुढून आणि उलट अशी दोनदा गाळणारा) बंद ठेवा. तो पी येण्याआधीच खोटी लाट उमटवतो आणि वरची हालचाल खाली वाटू शकते. सेकंदाला २० नमुने असतील तर १० हर्ट्झच्या वर काहीच नसतं. फिल्टरची वरची मर्यादा ८ पुरे.

खरी गंमत तुलनेत आहे. त्याच भागातल्या २३ सप्टेंबरच्या छोट्या हादऱ्याची नोंद शेजारी लावा. स्फोटात पी दणदणीत, एस (मागून येणारी, आडवी हलवणारी लाट) किरकोळ. दाब सगळीकडे सारखा पडतो, घसरण फारशी नसते. हादऱ्यात एसचं पारडं जड. स्फोटानंतर साडेआठ मिनिटांनी जमीन खचल्याची नोंदही आहे, पण त्याच मापावर काढली तर चिरडून जाते. वेगळी काढा.

स्फोटाची ताकद मात्र एका स्टेशनवरून काढू नये. या स्फोटाची तीव्रता सीटीबीटीओने (अणुचाचणी बंदी करारासाठीची देखरेख संस्था) ६.१ दिली, अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाने ६.३, नेहमीच्या सूत्रात एवढ्या फरकाने किलोटन जवळपास दुप्पट होतात.

उणीव एकच, पण मोठी: सीटीबीटीओच्या स्वतःच्या जाळ्यातली बरीच स्टेशनं इथे नाहीत, त्यासाठी संशोधकांना वेगळा करार करावा लागतो. माझे गुण: पाचपैकी चार.