भेगा वाचणारा पाहुणा : पीटर हेसलरचं 'ओरॅकल बोन्स'

हे पुस्तक पहिल्या शंभर पानांत वाचकाला चकवा लावतं. हेनान प्रांतातल्या आन्यांगजवळ पुरातत्त्ववाले शेतात भोकं पाडून माती वर काढत असतात. तेवढ्यात आपण बीजिंगच्या याबाओलू भागात पोचतो, तिथे एक उइगुर (वायव्य चीनमधल्या शिंच्यांगमधल्या मुसलमान अल्पसंख्याक समाजातला) दलाल डॉलर बदलून देत असतो. मग नानजिंगमधला मोर्चा : मे १९९९, बेलग्रेडमधल्या चिनी वकिलातीवर अमेरिकी बॉम्ब पडलेत आणि रस्त्यावर अमेरिकेच्या नावानं शंख चाललाय. नंतर शेन्चेनच्या कारखान्यात लागलेल्या एका मुलीची गोष्ट. यांचा एकमेकांशी काय संबंध, हे हेसलर बराच वेळ सांगत नाही. तोवर धीर धरला तर पुस्तक भरभरून देतं. धीर सुटायचा धोका खरा आहे, म्हणून वाचायचं कसं, याबद्दलही खाली लिहिलं आहे.

हेसलर अमेरिकन. १९९६ ते १९९८ या काळात तो यांगत्सेकाठच्या फुलिंग गावी शिक्षक महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होता. त्यावरचं 'रिव्हर टाउन' २००१ साली आलं, 'ओरॅकल बोन्स' २००६ साली आणि 'कंट्री ड्रायव्हिंग' २०१० साली. तिघांत मधलं सर्वांत गुंतागुंतीचं आणि, आमच्या मते, सर्वांत मोलाचं. पानं पाचशेच्या आसपास, काळ मुख्यतः १९९९ ते २००२. इंग्रजी साधं आहे, शब्दकोश फारसा उघडावा लागत नाही.

रचना अशी : नेहमीची लांब प्रकरणं, आणि त्यांच्या मध्ये ए, बी, सी अशी अक्षरं दिलेले छोटे तुकडे. या तुकड्यांना त्यानं 'आर्टिफॅक्ट' म्हटलंय, म्हणजे उत्खननात सापडलेली वस्तू. लांब प्रकरणं काळाच्या क्रमानं पुढे सरकतात, तुकडे मात्र कुठल्याही शतकात उडी मारतात. चकवा लागतो तो याच सांध्यांवर. उपाय सोपा. पहिल्यांदा फक्त तुकडे सलग वाचून काढा, मग पहिल्या पानापासून सगळं पुस्तक घ्या. लेखकाला हे रुचणार नाही, कारण रहस्य हळूहळू उलगडावं अशी त्याची मांडणी आहे. पण चीनच्या इतिहासाची पूर्वतयारी नसेल तर हाच मार्ग बरा.

आता शीर्षकातल्या हाडांकडे. 'ओरॅकल बोन्स' म्हणजे शकुनाची हाडं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आन्यांगहून राज्य करणारे शांग राजे आपले प्रश्न बैलाच्या खांद्याच्या हाडावर किंवा कासवाच्या पोटाकडच्या कवचावर विचारत. हाड साफ करून, घासून गुळगुळीत करायचं. मागच्या बाजूनं ओळीनं खळगे कोरायचे, पण आरपार जाऊ द्यायचे नाहीत. तळाशी पातळ पापुद्रा राहिला पाहिजे. खळग्यात चटका दिला की पुढच्या बाजूला भेग उमटते : एक उभी, आणि तिच्या कुशीतून फुटलेली एक आडवी. शकुन पाहण्यासाठीचं चिनी अक्षर आजही नेमकं याच आकाराचं आहे. उच्चार साधारण 'पू'. प्रश्न बहुधा जोडीनं विचारत, 'पाऊस पडेल' एका अंगाला आणि 'पडणार नाही' दुसऱ्या अंगाला. मग शेजारी मजकूर कोरायचा. पूर्ण नोंदीत दिवस, शकुन पाहणाऱ्याचं नाव, प्रश्न, राजानं लावलेला अर्थ आणि शेवटी प्रत्यक्षात काय घडलं, एवढे पाच भाग असतात. पाचही भाग असलेली हाडं थोडी. बहुतेक ठिकाणी शेवटचा भाग कोरलेलाच नाही.

एक प्रसिद्ध नोंद जवळून पाहण्यासारखी आहे. वू दिंग राजाची राणी फू हाव गरोदर होती. प्रश्न : बाळंतपण चांगलं होईल का? राजानं भेग पाहून सांगितलं की 'दिंग' दिवशी झालं तर चांगलं, 'गंग' दिवशी झालं तर फारच शुभ (ही तेव्हाच्या पंचांगातली दिवसांची नावं). खाली निकाल : ३१ दिवसांनी, 'ज्या-यिन' दिवशी बाळंत झाली, चांगलं झालं नाही, मुलगी झाली. या राणीची कबर १९७६ साली आन्यांगमध्ये सापडली, चोरांचा हात न लागलेली. पण तिच्या आयुष्यातला तो दिवस आपल्याला कळतो तो हाडावरच्या चार ओळींतून, तोही राजाच्या बाजूनं. हेसलरला हाडांची ओढ आहे ती इथे. कोणी कोरलं, कोणाच्या सांगण्यावरून कोरलं आणि काय कोरायचं राहिलं, हे तीन प्रश्न तो शांग काळाला विचारतो आणि तेच विसाव्या शतकालाही.

विसाव्या शतकातलं त्याचं हाड म्हणजे चेन मेंगजिया. जन्म १९११. आधी कवी, मग प्राचीन लिपीचा आणि कांस्यपात्रांचा अभ्यासक. १९४४ साली अमेरिकेत गेला, तिथल्या संग्रहांतल्या चिनी कांस्यपात्रांची मोजदाद केली आणि १९४७ साली परतला. १९५६ साली त्याचा शांग हाडांवरचा जाडजूड ग्रंथ आला. पुढच्याच वर्षी त्यानं चिनी अक्षरं मोडीत काढू नयेत असं लिहिलं आणि 'उजवा', म्हणजे साम्यवादाचा विरोधक, असा शिक्का बसला. १९६२ साली अमेरिकेतल्या पात्रांची सूची छापली गेली ती 'अमेरिकी साम्राज्यवाद्यांनी लुटलेली' असं बिरूद लावून. सप्टेंबर १९६६ मध्ये, सांस्कृतिक क्रांती पेटल्यावर काही आठवड्यांत, त्यानं आत्महत्या केली.

हेसलर या माणसाकडे सरळ जात नाही. आधी एका लांब प्रकरणात बीजिंगच्या जुन्या चौकवाड्याची गोष्ट येते. म्हातारे झाओ सरकारशी कोर्टात भांडतात, हरतात, आणि २००० साली वाडा पाडला जातो. वाचक हे शहर बदलाचं प्रकरण म्हणून वाचून पुढे जातो. बऱ्याच पानांनंतर कळतं की म्हाताऱ्या झाओंची बहीण म्हणजे झाओ लुओरुई, अमेरिकी कवी व्हिटमनला चिनीत आणणारी अनुवादक आणि चेन मेंगजियाची बायको. ती त्याच वाड्यात राहिलेली होती. वाडा पडताना लेखकाच्या डोळ्यांसमोर जे पडत होतं ते नेमकं काय होतं, हे लेखकालाही तेव्हा ठाऊक नव्हतं. सगळ्या पुस्तकात इतका घट्ट बसलेला सांधा दुसरा नाही.

त्याहून अस्वस्थ करणारी भेट ली श्युएछिन यांची. चीनमधले नामवंत प्राचीन इतिहासकार. शिया, शांग, चोउ या घराण्यांच्या सनावळ्या ठरवायचा सरकारी प्रकल्प १९९६ ते २००० या काळात चालला, तो त्यांच्या नेतृत्वाखाली. चोउंनी शांगांना हरवलं ते इसवी सनपूर्व १०४६ साली, हे त्याच प्रकल्पानं ठरवलं. १९५७ साली, चोविशीत असताना, त्यांनी चेनवर टीका करणारा लेख लिहिला होता. हेसलर तो लेख समोर ठेवतो. म्हाताऱ्या विद्वानाचा सूर बचावाचा नाही, खंतीचा आहे. त्यावर हेसलर गप्प बसतो, निकाल देत नाही. परक्या पत्रकारानं चाळीस वर्षांपूर्वीचा लेख काढून वृद्ध माणसाला गाठणं यात एक आगाऊपणाही आहे. तो त्याला जाणवलेला दिसतो, म्हणून प्रकरण सांभाळलं गेलंय.

लिपीचा धागा अक्षरांत रस असलेल्यांनी अजिबात सोडू नये. चिनी अक्षरांऐवजी वर्णमाला आणावी हा विचार साम्यवाद्यांमध्ये गंभीरपणे होता. १९५६ साली अक्षरं सोपी करण्याची योजना आली, ११ फेब्रुवारी १९५८ रोजी पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत, मंजूर झालं, आणि गाडी तिथेच थांबली. पिनयिन घडवणाऱ्या समितीतले चोउ योउक्वांग हेसलरला भेटले तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते. त्यांच्या सांगण्यानुसार, चीनची लिपी स्वतःची असावी, नुसती लॅटिन अक्षरं घेऊ नयेत, हा सल्ला माओला स्टालिननं दिला. अक्षरं टिकली यात परंपरेच्या ताकदीइतकाच एका परक्या हुकूमशहाच्या शब्दाचाही हात असावा! 'पाच हजार वर्षांची संस्कृती' ही घोषणा ऐकताना हे लक्षात ठेवावं. शिवाय आज हाती असलेलं सर्वांत जुनं विपुल लेखन सुमारे इ.स.पू. १२५० पासूनचं, म्हणजे त्या पाच हजारांतली सुमारे पावणेदोन हजार वर्षं तशा लेखनाविना जातात.

वाचताना नावांची अडचण येईल. रोमन अक्षरं इंग्रजीच्या सवयीनं वाचली की 'क्यू' आणि 'एक्स' घात करतात. मराठी माणसाची जीभ या कामाला चांगली तयार आहे, हे थोड्यांच्या ध्यानात येतं. 'क्यू' म्हणजे छ, 'एक्स' म्हणजे श, 'जे' म्हणजे चहातला च, 'झेड' म्हणजे चमच्यातला च, आणि 'सी' म्हणजे त्याच चमच्यातल्या च ला जोर देऊन, हवा सोडत म्हटलेला. म्हणून छिन घराणं, शीआन शहर. 'बी' आणि 'पी' यांतला फरक आपल्या प आणि फ सारखा (ओठ मिटून म्हटलेला फ). इंग्रजी वाचकाला हा भेद जिभेवर बसवायला महिने लागतात. पुस्तकात एवढी माणसं आहेत की नावं तोंडात बसली नाहीत तर ती एकमेकांत मिसळतात. एका कागदावर दहा-बारा नावं उच्चारासकट लिहून घ्या.

चिनी कोण, हा प्रश्न पुस्तकात दोन वस्तूंभोवती फिरतो. एक सिच्वानमधल्या सानशिंगदुईचे कांस्यमुखवटे. १९८६ साली दोन खड्ड्यांत ते सापडले. डोळे बाहेर आलेले, कान रुंद, शेजारी चौथऱ्यासह अडीच मीटरांहून उंच पुतळा. आन्यांगच्या कांस्यकामाशी चेहऱ्याचं काही नातं नाही आणि जवळ कोरलेला मजकूर नाही. सगळी चिनी संस्कृती पीत नदीच्या खोऱ्यातून पसरली, या शाळेत शिकवल्या जाणाऱ्या चित्राला या मुखवट्यांनी तडा दिला. दुसरी वस्तू म्हणजे पोलाट, याबाओलूतला तो उइगुर दलाल. नाव बदललेलं आहे, आणि ते योग्यच. त्या वर्षांत बँकेचा दर डॉलरला ८.२८ युआन होता. दलाल त्याहून थोडा जास्त देत आणि त्या 'थोड्या'वर जगत. पोलाट मूळचा शिंच्यांगमधला शिक्षक. तो चीनचा नागरिक आहे, पण बीजिंगमध्ये तो परदेश्यासारखाच राहतो. पुढे तो अमेरिकेत पोचतो आणि आश्रय मागतो; ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या वॉशिंग्टनमध्ये मुसलमान नाव घेऊन नवं आयुष्य मांडतो. हेसलरची या माणसाशी मैत्री आहे आणि लेखनात ती ऊब उतरली आहे.

पण इथेच पुस्तक लंगडंही पडतं. शिंच्यांगचा अख्खा प्रश्न एका माणसाच्या तोंडून आणि तोही बाहेर पडलेल्या माणसाच्या. २०१७ पासून तिथे उभ्या राहिलेल्या नजरकैदेच्या छावण्या माहीत असलेल्या आजच्या वाचकाला ही पानं अपुरी वाटणार. पुस्तकाला ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण एकाच साक्षीदारावर विसंबणं हा तेव्हाही दोषच होता.

दुसरी खोट इतिहासाची. शांगनंतर लेखक जवळजवळ थेट विसाव्या शतकात उतरतो. थांग, सुंग, मिंग, छिंग या नंतरच्या राजघराण्यांच्या वाट्याला पाहुण्यासारखा उल्लेख येतो. चीनचा इतिहास वाचायचा म्हणून कोणी हे घेत असेल तर घेऊ नये. तिसरी खोट पात्रांच्या निवडीची. एमिली आणि विल्यम जेफरसन फॉस्टर हे इंग्रजी नावं घेतलेले त्याचे फुलिंगचे चिनी विद्यार्थी. इंग्रजी शिकलेले, पत्र लिहिणारे, स्वतःबद्दल बोलायला उत्सुक. खेड्यात राहिलेली, इंग्रजी न येणारी माणसं त्यामुळे मागे राहतात. हेसलर चिनी उत्तम बोलतो, त्यामुळे अडचण भाषेची नव्हती.

तरीही एमिलीची, म्हणजे शेन्चेनच्या कारखान्यात लागलेल्या त्या मुलीची, प्रकरणं सोडू नका. शेन्चेन हा १९८० साली आखलेला विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रयोग. त्याच्याभोवती कुंपण होतं आणि आत जायला चिनी नागरिकालाही परवाना लागे. कुंपणाच्या कोणत्या बाजूला नोकरी आहे, यावर पगार, खोली आणि लग्नाची बोलणी ठरत. रात्री वसतिगृहात मुली रेडिओवर हू श्याओमेईचा सल्ल्याचा कार्यक्रम ऐकत. आकडेवारीची शंभर पानं जे सांगणार नाहीत ते या रेडिओच्या प्रकरणात आहे.

परक्याच्या नजरेचं काय, हा प्रश्न आपल्याकडच्या वाचकाला नवा नाही. सातव्या शतकात महाराष्ट्रातले लोक कसे होते हे सांगताना आपण अजूनही ह्युएनत्संगाचं बोट धरतो, आणि तोही चारदोन मुक्कामांचा पाहुणा होता. त्यानं आपल्याला मानी आणि उपकार न विसरणारे म्हटलं, तेवढं आपण आनंदानं उद्धृत करतो. हेसलर कोणत्याही लोकसमूहाला असं विशेषण लावत नाही. वर्षानुवर्षं त्याच माणसांकडे परत जातो, त्यांची पत्रं जपतो, आधी चुकीचं समजलो असू तर तेही लिहितो. ज्यांना चिनी माणूस 'असा असतो' हे दोन वाक्यांत हवंय त्यांची निराशा होईल.

'रिव्हर टाउन' आधी वाचलंच पाहिजे का? सक्ती नाही. एमिली आणि विल्यम पन्नास-साठ पानांतही अनोळखी वाटत राहिले तर मात्र हे बाजूला ठेवून आधी फुलिंगला जाऊन या. ते पुस्तक सरळ रेषेत चालतं, आणि त्यातल्या नदीकाठच्या गावाचा सखल भाग २००३ पासून यांगत्सेवरच्या थ्री गॉर्जेस धरणाच्या पाण्याखाली जाऊ लागला.