लाल टोपी, केशरी टोपी: पाचपैकी साडेतीन

मी एसटीचा निवृत्त कंडक्टर. एकतीस वर्षांत वेबिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद) आणि कॅश यांत रुपयाचा फरक राहू दिला नाही. असा माणूस दोन महिने निम्म्याहून कमी इन्सुलिन टोचत होता आणि त्याला पत्ता नव्हता. कसं ते, आणि ज्या टेबलावर ही चूक सापडली त्या, मधुमेहाच्या पेशंटांना समजावून सांगणाऱ्या हॉस्पिटलातल्या सिस्टरांच्या टेबलाला पाचपैकी साडेतीन स्टार का, ते लिहितो.

मिरजेत हॉस्पिटलांना तोटा नाही. त्यातल्याच एका ठिकाणी जानेवारीत पायाची जखम चिघळली म्हणून सहा दिवस होतो. उपचाराला नावं ठेवणार नाही. पाय वाचला, बिलही आधी सांगितलं तेवढंच आलं. डिस्चार्जच्या दिवशी मात्र चार पानी कार्ड हातात आलं, अख्खं इंग्रजीत. ज्युनिअर डॉक्टर उभ्या उभ्याच म्हणाले, "सकाळी वीस युनिट, संध्याकाळी बारा, गोड बंद. समजलं ना काका?" मी मान हलवली. मुलगा रिक्षा थांबवून खाली उभा, मागे दुसरा पेशंट खाटेची वाट बघतोय. मान हलवणार नाही तर काय करणार?

हॉस्पिटलातून दिलेल्या सिरिंजा फेब्रुवारीत संपल्या. गावातल्या मेडिकलवाल्याकडे इन्सुलिनची सिरिंज मागितली, त्याने दिली. आधीच्या सिरिंजची टोपी लाल होती, हिची केशरी. वीसचा आकडा हिच्यावरही होताच. तिथवर भरायचं आणि टोचायचं. साखर काही 280 च्या खाली येईना. सूनबाईने माझ्या शर्टाचे खिसे तपासले, चिक्की सापडते का म्हणून.

एप्रिलला फेरतपासणी होती. डॉक्टर डोस वाढवायलाच निघाले होते, पण आधी 'सिस्टरना भेटून या' म्हणाले. एक्स-रेच्या दारासमोर एक लहानसं टेबल आहे. त्या सिस्टर म्हणाल्या, "काका, पिशवीतलं सगळं बाहेर काढा आणि घरी जसं भरता तसं भरून दाखवा." मी भरून दाखवलं. त्यांनी बाटली उचलून लेबलावर बोट ठेवलं: 40. मग सिरिंजवर: 100.

बाटली एका मिलिलिटरला 40 युनिटची असेल तर लाल टोपीची सिरिंज, 100 ची असेल तर केशरी. माझी बाटली 40 ची आणि सिरिंज केशरी. म्हणजे वीसच्या रेघेपर्यंत भरलं तरी अंगात जात होती आठ युनिटं, आणि संध्याकाळची पाचसुद्धा नाहीत. उलटं झालं असतं, 100 ची बाटली आणि लाल टोपी, तर वीसच्या जागी पन्नास गेली असती. हे ऐकून मी पाणी मागितलं.

डोस वाढला नाही, सिरिंज बदलली.

त्या बाई 'समजलं का' असं विचारतच नाहीत. "आता तुम्ही मला सांगा," म्हणतात. हात कापायला लागले, घाम फुटला तर काय कराल? मी ऐटीत खिशातल्या बिनसाखरेच्या गोळ्या दाखवल्या. त्या हसल्या नाहीत. साखर उतरते तेव्हा खरीच साखर लागते, तीन चमचे पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, मग काहीतरी खायचं. हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. एकादशीचंही त्यांनीच काढलं. साबुदाण्याची खिचडी खाऊन उपास करणाऱ्याची साखर कुठे जाते, ते माझ्याच वहीतल्या आकड्यांवरून दाखवलं. एचबीएवनसी म्हणजे काय तेही तिथेच कळलं. उपाशीपोटीची साखर ही एका फेरीची कॅश, आणि हा तीन महिन्यांचा हिशेब. आदल्या रात्री जेवण टाळून फेरी चांगली दाखवता येते, हिशेब नाही. (मी टाळत होतो.)

दीड स्टार कशाचा कापला? ते टेबल फक्त मंगळवारी आणि शनिवारी, दहा ते एक. वरची पाटी इंग्रजीत, त्यामुळे निम्मे लोक एक्स-रेची रांग समजून पुढे जातात. आणि जानेवारीत, घरी सोडताना, मला तिकडे कोणीच पाठवलं नाही. तेव्हा दहा मिनिटं तिथे बसलो असतो तर सूनबाईचे टोमणे वाचले असते.

त्या टेबलाची वेगळी फी नाही, केसपेपर चालतो. जाताना बाटली आणि सिरिंज दोन्ही पिशवीत टाका. चश्माही.